एका नावेत दोघी: करोलिना नायाच्या पदकांमागची गोष्ट

३ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकच्या सी फॉरेस्ट जलमार्गावर पोलंडच्या करोलिना नाया आणि आना पुवाव्स्का यांची के-२, म्हणजे दोघींनी वल्हवायची अरुंद कयाक नाव, ५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत दुसरी आली. त्यांच्यापुढे होत्या फक्त न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टन आणि केटलिन रेगल. चारच दिवसांनी चौघींच्या के-४ मध्ये नायाला कांस्य मिळालं. लंडन आणि रिओची कांस्यं तिच्याकडे आधीच होती. तीन ऑलिंपिक, चार पदकं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट: महिलांच्या के-२ ५०० मीटरमध्ये पोलंडला हे सलग सहाव्या ऑलिंपिकमध्ये मिळालेलं पदक होतं.

ही नाव जवळजवळ साडेसहा मीटर लांब असते, पण रुंदीला जेमतेम माणूस मावेल एवढीच. पुढे बसलेली वल्ह्याची लय ठरवते आणि पायाजवळच्या दांडीने सुकाणू वळवते. मागचीला समोर दिसते ती जोडीदारणीची पाठ. त्या पाठीवरून, खांद्यांच्या हालचालीवरून तिनं पुढचा फटका ओळखायचा आणि आपलं वल्हं त्याच क्षणी पाण्यात घालायचं. जरा मागेपुढे झालं की नाव डुलते आणि वेग मरतो. शर्यत दोन मिनिटंही चालत नाही. चूक भरून काढायला वेळच नसतो. म्हणून दोन वेगवान मुली शेजारच्या नावांतून उचलून एकत्र बसवल्या की जोडी जमली, असं इथे होत नाही.

ऑलिंपिकमध्ये महिलांचं कयाकिंग १९४८ साली सुरू झालं, के-२ आली १९६० मध्ये. त्याच रोम ऑलिंपिकमध्ये दानिएला वाल्कोव्याकनं पोलंडला कांस्य मिळवून दिलं, पण एकटीच्या नावेत. पुढे इझाबेला दिलेव्स्कानं सोल आणि बार्सिलोनात मिळवलेली दोन कांस्यंही एकटीचीच.

जोडीचा काळ सुरू झाला सिडनीत. आनेता पास्तुश्का आणि बेआता सोकोवोव्स्का यांनी २००० आणि २००४ अशी दोन्ही वेळा कांस्यं घेतली. बीजिंगला आनेता, आता लग्नानंतरची कोन्येच्ना, नव्या बेआता मिकोवाय्चिकबरोबर बसली आणि रौप्य आलं. लंडनला मिकोवाय्चिक ही अनुभवी झाली होती आणि तिच्या जोडीला होती २२ वर्षांची नाया. रिओलाही त्याच दोघी. आणि टोकियोत अनुभवी कोण, तर नाया. पाण्यावरची ही जाण एका पाठीकडून दुसऱ्या पाठीकडे जात राहिली. माझ्या मते पोलंडच्या यशाचं मूळ इथेच आहे.

नाया दक्षिण पोलंडमधल्या तिखी गावची. कोळसा आणि कारखान्यांचा हा सिलेशिया भाग. रिओनंतर तिला मुलगा झाला, आणि ती पुन्हा नावेत बसली. महिला संघाचे प्रशिक्षक तोमाश क्रिक यांच्या हाताखाली पुवाव्स्काबरोबरची जोडी घडली ती या दुसऱ्या डावात. टोकियोचं रौप्य त्यातलंच, आणि २०२२ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सचं के-२ चं विश्वविजेतेपदही.

ऑलिंपिक सुवर्ण मात्र पोलंडच्या कयाकपटूंना अजून मिळालेलं नाही. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या के-२ मध्ये २४ वर्षांत पहिल्यांदाच पोलंडची पाटी कोरी राहिली.