तोतया ओळखायचा कसा: हाडांची साक्ष आणि आईकडचे नाते

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक मनुष्य प्रकटला, तेव्हा भाऊंना जवळून पाहिलेल्यांची साक्ष, चेहरेपट्टी आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यांवरच पेशव्यांच्या दरबाराला निवाडा करावा लागला. तो तोतया ठरला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली.

असा वाद रक्तमांसाच्या पुराव्यावर आणण्याची वाट १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए ठशांच्या शोधाने मोकळी झाली. रशियाची राजकन्या अनास्तासिया असल्याचा दावा करणाऱ्या ॲना अँडरसनचा खटला जर्मनीच्या न्यायालयांत कित्येक दशके चालूनही निर्णायक ठरला नव्हता. १९८४ मध्ये मृत्यूनंतर तिचे दहन झाले, पण एका शस्त्रक्रियेत काढलेला ऊतकाचा तुकडा रुग्णालयात जपून ठेवलेला होता. १९९४ मध्ये त्याचा डीएनए तपासला, तेव्हा तो अनास्तासियाच्या पित्याच्या, म्हणजे रशियाचा सम्राट झार याच्या कुटुंबाशी जुळला नाही. हे कुटुंब १९१८ मध्ये जिथे मारले गेले त्या येकातेरिनबर्गजवळ १९९१ मध्ये उकरलेल्या हाडांपैकी झारिना (झारची पत्नी) आणि तिच्या मुलींची ओळख मात्र ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांच्या रक्तावरून पटली, कारण फिलिप यांच्या आईची आई ही झारिनेची सख्खी बहीण होती.

येथे कळीचा मुद्दा आहे तो मायटोकॉन्ड्रियाचा. पेशीतील या घटकाचा डीएनए केवळ आईकडून मुलांना मिळतो, आणि एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने जुन्या हाडांतही तो टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. १४८५ मध्ये मारल्या गेलेल्या इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या रिचर्डचा, सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमध्येच सापडला. त्याचा हा डीएनए बहिणीच्या वंशातील हयात व्यक्तींशी जुळला, तर बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र पुरुषवंशातील हयात व्यक्तींशी जुळले नाही. मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याचे. १६२४ मध्ये इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष पोर्तुगीज नोंदींप्रमाणे जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये होते. तेथे मिळालेल्या हाडाची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवविज्ञान संशोधन संस्थेने केली. डीएनएतून आईकडचा वंश भारतीय नसून जॉर्जियाकडचा दिसला, पण ‘ही केतेवानच’ असे म्हणण्यास त्या नोंदींचाच आधार लागला.

म्हणून विदर्भातील खेड्यांचा विचार करताना मला अडचण दिसते ती प्रयोगशाळेची नाही. बहुतेकांचे दहन होत असल्याने तपासायला हाडेच उरत नाहीत. लिंगायत, महानुभाव अशा दफन करणाऱ्या समाजांत ती मिळाली, तरी ताडून पाहायला आईकडचा नातलग हवा. आमच्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, मात्र ‘अमक्याला मुलगी झाली’ अशी बापाच्या नावाची नोंद बहुधा असते, आईचे नाव क्वचितच. भाटांच्या वह्या आणि वारसाचे फेरफारही बापाच्याच ओळीने चालतात. मावश्या, आज्या आणि त्यांची माहेरे अजून म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहेत. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने ती नावे आधी टिपून घ्यावीत.