नाताळच्या ताटातलं पाणी

डिसेंबर लागला की गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाच्या गुळाभोवती गर्दी व्हायला लागते. काळाभोर, वर निमुळता होत गेलेला हा गूळ, सोललेले नारळ, पेरूच्या पाट्या, आणि थोडं पुढे गेलं की बांबूच्या कांब्या आणि पतंगाचा कागद. नाताळची निम्मी तयारी एका फेरीत पिशवीत येते. आमच्या वाड्यावर हिंदू आणि ख्रिस्ती घरं कुंपणाला कुंपण लावून आहेत. चतुर्थीला आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, शेजारच्या मावशींकडे जातात आणि नाताळला त्यांच्याकडून विणलेल्या रुमालाखाली झाकलेलं ताट येतं. त्या ताटाला इथे कोंसुआद म्हणतात, खाली मंगळूरकडे कुसवार. त्यात नारळाच्या रसाचा काळा, मऊ दोदोल असतो, पेरूच्या वड्यांची पेराद असते, तळलेले कुरकुरीत कुलकुल, नेवऱ्या, आणि कधी थराथरांच्या बेबिंकचा तुकडा.

हे ताट मी लहानपणापासून खात आले. पण एक गोष्ट बरीच उशिरा लक्षात आली. नारळाचा रस सकाळी काढला तर संध्याकाळी आंबतो. पिकलेला पेरू दोन दिवसांत मऊ पडतो. त्याच नारळाचा दोदोल आणि त्याच पेरूची पेराद मात्र फ्रिजशिवाय ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत आरामात टिकतात, तेही मिठाच्या बरणीत मिठाचा गोळा होणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर.

याचं उत्तर शोधायला मला एका बिघडलेल्या भेटीने लावलं. पुण्याच्या बहिणीला मी घरी केलेले कुलकुल आणि पेरादीच्या वड्या एकाच डब्यात भरून पाठवल्या होत्या. तिने डबा उघडला तेव्हा कुलकुल मऊ आणि चिवट झाले होते, वड्यांच्या कडा सुकल्या होत्या. नासलं काहीच नव्हतं. बंद डब्यातल्या डब्यात पाणी वड्यांमधून निघून कुलकुलांत शिरलं होतं.

पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा ते किती सुटं आहे, यावर त्याचं टिकणं ठरतं. पावात साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असतं आणि चार दिवसांत त्याला बुरशी येते. मधात १८ टक्क्यांच्या आसपास असतं आणि तो वर्षानुवर्षं राहतो. मधातलं पाणी साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, जिवाणूला ते ओढून घेता येत नाही. उलट दाट साखरच जिवाणूच्या पेशीतलं पाणी बाहेर खेचते. हा सुटेपणा मोजायला ‘जल-सक्रियता’ नावाचं माप आहे. शुद्ध पाण्याची जल-सक्रियता १, हाडासारख्या कोरड्या वस्तूची जवळजवळ ०. ऑस्ट्रेलियाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं की जिवाणूंची वाढ पाण्याच्या टक्केवारीपेक्षा या मापाशी जास्त नेमकी जुळते. बहुतेक जिवाणू ०.९१च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक बुरश्या ०.८०च्या खाली थांबतात, आणि ०.६०च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही.

आता पेराद बघू, कारण घरी करायला ती सगळ्यात सोपी आणि भेट द्यायला सगळ्यात देखणी. एक किलो पेरूचा गर घ्या, उकडून, चाळणीतून गाळून, बिया काढलेला. त्यात जवळजवळ ८५० ग्रॅम पाणीच असतं. बरोबरीने एक किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. वडी पडण्याजोगा गोळा होईपर्यंत साधारण अर्धा लिटर पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. उरलेल्या पाण्यावर साखरेचा ताबा असतो.

पण नुसत्या साखरेवर भागत नाही. साध्या साखरेचा जेवढा दाट पाक घरातल्या तापमानाला होऊ शकतो, त्याची जल-सक्रियता ०.८५च्या आसपासच येते. म्हणजे बुरशीला अजून दार उघडं. इथे लिंबू कामाला येतं. आंबटपणा आणि उष्णता मिळून काही साखर फोडतात आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन लहान तुकडे होतात. एका रेणूचे दोन झाले की पाणी धरणारे हातही वाढतात, शिवाय साखर परत खड्यांत जमत नाही, म्हणून वडी खाताना दाताखाली कचकच लागत नाही.

लिंबाचं दुसरं काम वडी थिजवण्याचं. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, फळाच्या पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा लांब धाग्यांचा पदार्थ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याला हे नाव दिलं. पाण्यात पेक्टिनच्या धाग्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. आम्लाने तो भार उतरतो, साखर मधलं पाणी काढून घेते, आणि धागे जवळ येऊन जाळं विणतात. उरलेलं पाणी त्या जाळ्यात अडकतं. म्हणूनच आमच्याकडे सगळे पेरू अगदी पिकलेले घेत नाहीत, निम्मे करकरीत घेतात. फळ पिकताना त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पेक्टिनचे धागे तोडत जातात आणि फळ मऊ होतं. फक्त पिकलेल्या पेरूंचा वास सुंदर येतो, पण वडी पडत नाही.

दोदोल सोपा नाही. तो घरी करायचा तर दोन-तीन माणसं आणि निम्मा दिवस हवा. तरी त्याच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण त्या तांब्याच्या भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, जे चालतं ते बघण्यासारखं आहे. तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचा रस आणि चिमूटभर मीठ, एवढाच ऐवज. इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका इथेही हाच पदार्थ याच नावाने करतात. नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकत्र येत नाहीत आणि रस पांढरा दिसतो. आचेवर प्रथिनं विस्कटतात, तांदळाचं पिष्ट ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतं, गूळ आपला वाटा ओढतो, बाकीचं वाफ होऊन जातं. थेंबांमधलं पाणी संपत आलं की थेंब एकमेकांत मिसळतात. आणि मग तो क्षण येतो ज्याची सगळे वाट बघत असतात: गोळा भाणाच्या कडा सोडतो आणि त्याच्या अंगातून तेल सुटतं. मावशी त्या तेलाकडे बघून भाण उतरवतात. सुटलेलं तेल हा पाणी संपत आल्याचा निरोप आहे, आणि तो थर्मामीटरपेक्षा भरवशाचा आहे.

भाण तांब्याचंच का, हेही सांगते. तांब्यातून उष्णता लोखंडाच्या जवळजवळ पाचपट सहज वाहते. चुलीचा जाळ एका बाजूला जोरात असला तरी तळ सगळीकडे सारखा तापतो आणि गूळ करपत नाही. दोदोलाचा काळा रंग निम्मा गुळाचा, निम्मा आचेवर साखर आणि प्रथिनं यांच्या संयोगातून आलेला. ही अभिक्रिया लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये मांडली. भाकरीचा खरपूसपणा आणि कॉफीचा वास हीसुद्धा तिचीच देणगी.

डिसेंबरच्या पहाटे दोदोलावर पांढुरकी साय दिसली तर घाबरून फेकू नका. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, आणि आपल्याकडे त्या दिवसांत पहाट सहज विशीच्या जवळ उतरते. न्हाणीघरातली तेलाची बाटली घट्ट होते त्याच सकाळी दोदोलही पांढरा दिसतो. बोटाने दाबून पाहा. विरघळलं तर तेल, केसाळ लागलं तर बुरशी.

कुलकुलांचं, म्हणजे आमच्या भाषेत किडयांचं, गणित अगदी उलटं. तिथे पाणी बांधायचं नसतं, हाकलायचं असतं. मैदा, नारळाचा रस, थोडी साखर. गोळी स्वच्छ फणीवर दाबून गुंडाळली की नक्षी येते, आणि त्या रेघांमुळे तेलाला भिडणारा पृष्ठभागही वाढतो. तेलात सोडल्यावर उठणारे बुडबुडे हवेचे नसतात, पिठातल्या पाण्याच्या वाफेचे असतात. आवाज ऐकत राहा. चरचर मंदावली, बुडबुडे विरळ झाले, की पाणी गेलं. रंगावर भुलून आधीच काढले तर आतून ओले राहतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

आता बहिणीच्या डब्याचा उलगडा होतो. पाणी जास्त जल-सक्रियतेकडून कमी जल-सक्रियतेकडे जातं आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत थांबत नाही. ताज्या कुरकुरीत कुलकुलाची जल-सक्रियता पेरादीपेक्षा कितीतरी कमी. शेजारी ठेवले की वडी देते, कुलकुल घेतो. हवेशीही हाच व्यवहार. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के म्हणजे तिची जल-सक्रियता ०.७०. आपल्या दमट हवेत उघडा कुलकुल तासाभरात मवाळ होतो, पण पेरादीची वडी हवेच्या बरोबरीतच असल्यामुळे तिला फारसा फरक पडत नाही. तेव्हा भेटीचा डबा भरताना कुरकुरीत जिन्नस पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि वड्या बटर पेपरात गुंडाळून वेगळ्या. पदार्थ गरम असताना झाकण लावलं तर वाफ आत अडकून थेंब पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

बेबिंक मी मुद्दाम वगळते. एकेक थर वरून निखारे ठेवून भाजायचा, आणि असे निदान सात. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने पेरादीपासून सुरुवात करावी हेच बरं.

दारावरचं नखेत्र, म्हणजे नाताळचा चांदणीचा कंदील, मात्र नक्की घरी करा. आकाशकंदील बनवता येणाऱ्याला ते अर्धं येतंच. पाच कोनांच्या चांदणीसाठी ६० सेंटिमीटरच्या पाच कांब्या घ्या आणि प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करा. कांब्या एकमेकींना या खुणांवरच छेदल्या की चांदणी आपोआप नेमकी बसते. पंचकोनी चांदणीत हे प्रमाण ठरलेलं आहे. टोकाकडचा तुकडा मधल्या तुकड्याच्या १.६१८ पट, म्हणजे सुवर्णगुणोत्तर. कोनमापक लागत नाही. अशा दोन चांदण्या करून टोकं टोकांना बांधायची आणि मधल्या पाच छेदांवर बोटभर लांबीच्या काटक्या अडकवून दोन्ही चांदण्या मध्ये फुगवायच्या. वाकलेल्या कांब्या सरळ व्हायला बघतात, काटक्या त्यांना होऊ देत नाहीत. त्या ताणामुळे इतकी हलकी चौकट समुद्रावरच्या वाऱ्यातही डगमगत नाही.

इथेही पाण्याची गोष्ट येते. कांबी वाकवताना मोडत असेल तर रात्रभर भिजवा. ओल्या बांबूतले तंतू एकमेकांवर थोडे सरकू शकतात, सुकल्यावर ते नव्या आकारात पक्के होतात. कागद चिकटवायची मैद्याची खळ म्हणजे पिष्ट पाण्यात फुगवून केलेला गोंद, दोदोलाचाच धाकटा भाऊ. आत ५-७ वॉटचा एलईडी दिवा पुरतो. जुना ६० वॉटचा पिवळा दिवा बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा, कागदाला आणि सुक्या बांबूला त्याची भीतीच असे.

राहिला गोठा. बाळ येशूच्या गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून शेजारी दहा-बारा दिवस आधी थाळीत नाचणी किंवा गहू पेरतात. आमच्या घटातली रुजवण असते तशीच. ताटातल्या प्रत्येक पदार्थात पाणी अडवायची धडपड, आणि इथे तेच पाणी मोकळ्या हाताने द्यायचं. सुक्या गव्हात जेमतेम १२ टक्के पाणी असतं, म्हणून तो कणगीत झोपून राहतो. रात्रभर भिजला की अंकुरातून संप्रेरक निघतं, दाण्याच्या कडेचे थर विकरं बनवतात आणि पिष्टाची साखर होऊन कोंबाला मिळते. अंधारात ठेवलेले कोंब उंच, फिकट पिवळे वाढतात, कारण गहू-नाचणीला हरितद्रव्याची शेवटची पायरी प्रकाशाशिवाय ओलांडता येत नाही. देवघराच्या अंधारातली रुजवण पिवळी असते ती यामुळेच. थाळी उजेडात आणली की ते काही तासांत हिरवट व्हायला लागतात.

थाळी खिडकीत ठेवली तर कोंब प्रकाशाकडे झुकतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताच्या कोंबांच्या टोकांना टोप्या घातल्या, तेव्हा कोंब झुकेनासे झाले. प्रकाश ओळखतं ते टोक, वाकतो तो खालचा भाग. कोंब प्रामुख्याने निळा प्रकाश ओळखतात, लाल प्रकाशाकडे सहसा झुकत नाहीत. या नाताळला मी दोन लहान थाळ्या पेरणार आहे. एकीच्या बाजूला दाट लाल जिलेटीनचं नखेत्र, दुसरीच्या बाजूला निळं, दोन्हीत तोच पांढरा एलईडी, आणि मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. मावशींचा नातू रोज सकाळी कोंब किती झुकले ते पट्टीने मोजणार आहे, आणि त्याची पैज लाल नखेत्रावर आहे.