दम आला, पण नडगी अजून तयार नाही

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या थंडीत पळायला सुरुवात केलेली माणसं होळीच्या आसपास लंगडायला लागतात, सोलापुरातल्या कुठल्याही रनिंग ग्रुपवर दरवर्षी हेच चाललेलं असतं. जानेवारीत पार्क मैदानाला दोन राऊंड मारले की जीव तोंडाला येतो. फेब्रुवारीत "आज ५ किमी झाले बे, न थांबता" असा मेसेज, खाली घड्याळाचा फोटो, त्याखाली पंधरा जणांचे अंगठे. आणि मार्चमध्ये त्याच माणसाचा मेसेज, "नडगीत कळ मारायलीय, कुणी चांगला फिजिओ सांगा की". मग सल्ल्यांना तोटा नसतो. आन्ना बर्फ लावा, मामा तिळाच्या तेलानं चोळा, आणि एक तरी शूर वीर म्हणतोच की पळत राहा, पळता पळता जातंय ते.

बरोबर याच वेळेला का दुखतं? शूज खराब, रस्ता कडक, वय झालं अशी उत्तरं मिळतात, पण खरं कारण शरीराच्या वेळापत्रकात आहे. दम आधी येतो, हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मागून येतात, बरेच मागून.

पळायला लागल्यावर सगळ्यात आधी बदलतं ते रक्त. थोड्याच दिवसांत रक्तातला पाणीदार भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढायला लागतो, त्यामुळे हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं आणि तोच स्पीड कमी ठोक्यांत जमतो. पुढच्या चारसहा आठवड्यांत स्नायूंच्या पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक कारखाने, वाढतात, बारीक रक्तवाहिन्याही वाढतात, म्हणजे आलेला ऑक्सिजन वापरायची सोय होते. हे सगळं आपल्याला जाणवतं आणि घड्याळातही दिसतं, दीड महिन्यापूर्वी ज्या चढाला धाप लागायची तिथं आता गप्पा मारत जाता येतं. साहजिकच माणूस अंतर वाढवतो. दम आहे ना, मग अडचण काय?

अडचण अशी की पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन ते अडीचपट जोर जमिनीकडून पायात येतो. ५ किलोमीटरला साधारण साडेपाच हजार पावलं धरा, म्हणजे एकेका पायाच्या वाट्याला पावणेतीन हजार दणके. टाचेमागच्या अकिलिस टेंडनवर तर वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो, ७० किलोच्या माणसाला किती होतो हिशोब करून बघा.

हाडाला हा ताण कळतो आणि ते स्वतःला नव्यानं बांधायला घेतं, पण त्याची पद्धत आपल्या गावातल्या रस्त्यांसारखी आहे, आधी खणायचं आणि भरायचं नंतर. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आधी जुनं हाड कुरतडून काढतात, त्याला साधारण तीन आठवडे लागतात, आणि मग ऑस्टिओब्लास्ट येऊन नवीन हाड भरतात, त्याला मात्र तीनेक महिने. म्हणजे मधला एक काळ असा येतो की ताण वाढलेला आहे, खणून झालंय आणि भरणं अजून चालूच आहे, थोडक्यात हाड पूर्वीपेक्षा थोडं कच्चं आहे. नेमक्या याच काळात आपला दम चांगला झालेला असतो आणि ग्रुपवर कुणीतरी १० किलोमीटरचा इव्हेंट टाकलेला असतो.

हे काही आजचं नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब संचलनं करणाऱ्या सैनिकांचे पाय सुजतात, दुखतात, असं नोंदवून ठेवलं होतं. तेव्हा एक्सरेचा शोधही लागला नव्हता, तो १८९५ चा. पुढं दोनच वर्षांत एक्सरे काढल्यावर कळलं की पावलातल्या लांब हाडांना बारीक तडे गेलेत. एकही मोठी दुखापत नाही, नुसतं चालून चालून. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

आता नडगी दुखली की प्रत्येक वेळी फ्रॅक्चरच असतं असं अजिबात नाही, बहुतेक वेळा ते शिन स्प्लिंट असतं, म्हणजे नडगीच्या आतल्या कडेला हाडावरच्या आवरणाला आणि हाडाला आलेला ताण. दोन्हींत फरक कसा ओळखायचा याची एक साधी खूण आहे. खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाका आणि घोट्याच्या वरून सुरू करून अंगठ्यानं नडगीची आतली कड इंच इंच दाबत वर जा. चारपाच बोटांच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात सगळीकडेच कमी-जास्त दुखतंय, तर शिन स्प्लिंटची शक्यता जास्त. पण बाकी सगळं ठीक आणि एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी, दाबलं की माणूस खुर्चीतून उठतो, रात्री झोपेतही ठणकतं, एका पायावर उडी मारवत नाही, तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरकडं जायचं. आणि एक्सरे नॉर्मल आला म्हणून लगेच बूट चढवायचे नाहीत, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत हा तडा एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

बायकांच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी ग्रुपवर कुणी बोलत नाही. वजन उतरवायचं म्हणून जेवण कमी आणि पळणं जास्त असं झालं की शरीर काटकसर सुरू करतं आणि पाळी लांबते किंवा बंदच होते. पळते आहे म्हणून पाळी येत नाही, होतं असं, म्हणून सोडून देऊ नका. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळीशी निगडित हार्मोन, कमी पडलं की हाडाचं खणणं वाढतं, भरणं त्याला पुरं पडत नाही आणि स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका वाढतो. पुरुषांनाही कमी खाऊन जास्त पळण्याचा त्रास होतोच, फक्त त्यांच्याकडं पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

टेंडनची गोष्ट तर अजून भारी आहे. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झालं, आणि ते झाडांतून, अन्नातून त्या काळच्या प्रत्येक माणसाच्या शरीरात गेलं. नंतर ते हळूहळू कमी होत गेलं. त्यामुळे शरीरातला एखादा भाग कुठल्या साली तयार झाला हे त्यातल्या कार्बन-१४ वरून काढता येतं. डेन्मार्कच्या काट्या हाइनमायर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अकिलिस टेंडनवर हेच करून बघितलं, तर टेंडनचा आतला गाभा पहिल्या सतराएक वर्षांत तयार होतो आणि पुढं जवळजवळ बदलतच नाही असं निघालं. म्हणजे पंचेचाळिशीतला माणूस संभाजी तलावाजवळ पळतोय तो शाळेत असताना बनलेल्या टेंडनवर! स्नायू दुखला तर आठवड्यात मोकळा होतो आणि टेंडन महिनोन्महिने घेतं, ते यामुळं.

पण हळू म्हणजे मेलेलं नव्हे. व्यायामानंतर टेंडनमध्ये कोलाजेन, म्हणजे ते ज्या प्रथिनाच्या धाग्यांचं बनतं ते, तुटतंही आणि बनतंही, फक्त पहिले २४ ते ३६ तास तुटण्याचं पारडं जड असतं आणि त्यानंतर बनण्याचं. रोज उठून जोरात पळणाऱ्याला हा दुसरा टप्पा मिळतच नाही. एक दिवसाआड पळा असं जुने लोक सांगतात त्यामागं हे आहे.

आणि टेंडन दुखतंय म्हणून पलंगावर पडून राहिलं तर तेही चुकतं, कारण टेंडनला सुधारायला ताणच लागतो, फक्त मोजून मापून. स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी खेळाडूंवर एक व्यायाम करून बघितला, हे सगळे इतके दिवस दुखणं काढलेले होते की ऑपरेशनच्या रांगेत होते. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, कठड्याला धरायचं, दोन्ही पायांवर टाचा वर उचलायच्या, मग चांगला पाय उचलून घ्यायचा आणि दुखऱ्या एकट्या पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. पुन्हा वर येताना चांगल्या पायाची मदत घ्यायची. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा थोडा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. बेरीज केली तर दिवसाला १८० होतात, कंटाळवाणं काम आहे खरं, पण पंधराच्या पंधरा जण पुन्हा पूर्वीसारखे पळायला लागले. नंतरच्या अभ्यासांत जड वजन घेऊन सावकाश केलेले व्यायामही तेवढेच कामाला येतात असं दिसलं. मात्र दुखणं टाचेच्या हाडाला जिथं टेंडन चिकटतं तिथंच असेल तर टाच पायरीखाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं.

बर्फाचं काय मग? विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय वर ठेवणं हा फॉर्म्युला अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केला, आणि पुढं २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीनं बरं होणं लांबू शकतं, कारण सूज हाही दुरुस्तीचाच भाग असतो. दुखणं मारायला दहा मिनिटं लावला तर काही बिघडत नाही, पण बर्फ लावून बरं वाटलं म्हणून संध्याकाळी परत पळायला जाणारे बघितले की हात जोडावेसे वाटतात.

दुखापत टाळायला आठवड्याला दहा टक्केच वाढवा हा नियम सगळ्यांना पाठ आहे. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या रनर्सवर तो तपासला, २००८ मध्ये निकाल आला, एका गटाला दहा टक्क्यांच्या हिशोबानं १३ आठवडे आणि दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा प्रोग्रॅम. दोन्हींत दुखापती सारख्याच, पाचातला एक जण. मग २०२५ मध्ये पाच हजारांवर रनर्सच्या घड्याळांचा डेटा तपासलेला अभ्यास आला आणि त्यात वेगळीच गोष्ट दिसली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी केलेली उडी घातक ठरत होती. मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पळालं की धोका वाढायला लागतो आणि दुपटीच्या वर गेलात तर तो दुपटीहून जास्त होतो. आता आपला रविवार आठवा. आठवडाभर पाच-सहा किलोमीटर करणारा गडी रविवारी हाफ मॅरेथॉनवाल्यांच्या सोबत होटगी रोडला निघतो, गप्पांत कळतच नाही आणि परत येतो तेव्हा १३ झालेले असतात. घड्याळ त्याला बक्षीस म्हणून बॅजही देतं!

ग्रुपला शिव्या घालायच्या नाहीत मला. २०१७ मध्ये दोन संशोधकांनी जगभरातल्या ११ लाख रनर्सचा पाच वर्षांचा डेटा तपासला, आणि एका गावात पाऊस पडून तिथला मित्र पळाला नाही तर दुसऱ्या गावात, जिथं ऊन आहे, तिथला त्याचा दोस्तही कमी पळतो का असं बघितलं. पळतो. मित्रानं एक किलोमीटर जास्त केला की आपण साधारण ३०० मीटर जास्त करतो. गंमत म्हणजे हा संसर्ग कमी पळणाऱ्याकडून जास्त पळणाऱ्याकडं जास्त जातो, म्हणजे नवीन आलेल्या काकांचे २ किलोमीटर बघून आपला हाफवाला पेटतो. तेव्हा २ किलोमीटरचा स्क्रीनशॉट टाकायला लाजू नका.

मार्चमध्ये अजून एक भर पडते, आपलं ऊन. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाऊण हिस्सा तर उष्णता होऊनच बाहेर पडतो, आणि ती घालवायला रक्त कातडीकडं वळवावं लागतं, म्हणून त्याच स्पीडला ठोके वाढतात. फिटनेस उतरला असं समजून लोक जास्त जोर लावतात, तसं नसतं. दहा ते चौदा दिवस उन्हाची हळूहळू सवय केली की घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं आणि ठोके खाली येतात. तोवर घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, झाकून ठेवा आणि बोलता येईल एवढ्याच जोरानं पळा.

राहिला प्रश्न थांबावं लागलेल्यांचा. त्यांना झोप येत नाही, सगळं गेलं वाटतं. चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी सराव पूर्ण सोडला तेव्हा तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता फक्त सातेक टक्के उतरली होती, आणि त्यातलं सुरुवातीचं बरंचसं नुकसान रक्ताच्या पाणीदार भागाचं होतं, जो परत लवकर भरतो. सायकल मारली, पाण्यात पळालात तर तेवढंही जात नाही. पुन्हा पळायला सुरुवात करताना मिनिटभर पळा, दोन मिनिटं चाला, असं वीसेक मिनिटं, एक दिवसाआड. दुखणं टेंडनचं असेल तर पळताना दहापैकी पाचपर्यंत दुखलेलं चालतं, अट एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला ते कालच्यापेक्षा वाढलेलं नको. वाढलं असेल तर पुढच्या वेळी थोडं कमी पळायचं. हाडाच्या दुखण्याला मात्र ही सवलत नाही, तिथं दहापैकी एक दुखलं तरी चालायला लागायचं आणि घरी यायचं.