बँकेतल्या ठेवी : पावतीवरची रक्कम नंतर बघा, नावं आधी बघा
(आमच्या कार्यालयाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कुठल्या तरी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा फोन खाली ठेवता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या वेळी हेच झालं, मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या वेळी झालं आणि १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हाही. प्रश्न एकच असतो, "आमचे पैसे सुरक्षित आहेत ना?" प्रत्येकाला तेच फोनवर सांगण्यात रिटर्न भरायचं काम मागे पडतं, म्हणून हे पत्रक.

बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत रक्कम देणाऱ्या विम्याचं आता बहुतेकांना ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. त्याआधी १९९३ पासून ती एक लाखावरच अडकली होती. विमा देते ते ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी. हप्ता बँक भरते, तुमच्या खात्यातून काही कापलं जात नाही. इथपर्यंत सगळं बरोबर. घोळ होतो तो पुढे.

गेल्या वर्षी एक काका साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आले. आत रबरबँड लावलेल्या बारा पावत्या. एकाच सहकारी बँकेच्या चार शाखांत मिळून १७ लाख. काका निर्धास्त होते : "चार शाखा, म्हणजे चार वेळा पाच लाख. वीस लाखांपर्यंत चिंता नाही." आम्ही पावत्या टेबलावर मांडल्या. बाराही पावत्यांवर एकट्या काकांचं नाव. त्याच बँकेत त्यांच्या दुकानाचं चालू खातं, त्यात दोन लाख. दुकान एकट्याच्या मालकीचं, त्यामुळे तेही काकांच्याच खात्यावर धरायचं. एकूण १९ लाख आणि विमा फक्त पाचांचा.

विमा शाखेला नसतो, पावतीलाही नसतो. एका बँकेत एका माणसाच्या एकाच नात्याने, म्हणजे एकाच भूमिकेत (एकट्याने, संयुक्तपणे, भागीदार म्हणून), असलेल्या सगळ्या ठेवी एकत्र मोजतात : बचत, चालू, मुदत, आवर्ती, सगळं. शाखा डोंबिवलीची असो की दादरची. नातं बदललं की मोजणी बदलते. काका एकटे, काकू एकट्या, काका आणि काकू, काकू आणि काका, हे चार वेगळे ठेवीदार धरले जातात. होय, संयुक्त खात्यात नावांचा नुसता क्रम बदलला तरी. भागीदारी संस्थेचं आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचं खातं आणखी वेगळं. म्हणजे तेच पैसे त्याच बँकेत ठेवून काकांना वीस लाखांचं संरक्षण मिळू शकत होतं. फक्त पावत्यांवर नावं तशी हवी होती.

म्हणूनच आम्ही मूळ पावत्या घेऊन या म्हणतो. त्यावरून काहीजण नाराज होतात, "फोटो पाठवला होता ना!" फोटोत रक्कम ठळक दिसते आणि 'आणि'च्या पुढचं नाव नेमकं कापलेलं असतं. मग तीन फोन, दोन नवे फोटो आणि शेवटी तुम्हाला यावं लागतंच.

आणखी एक हिशेब. पाच लाखांत व्याजही येतं. साडेचार लाख सात टक्क्यांनी तिमाही चक्रवाढीवर ठेवले तर दोन वर्षांत सुमारे ५,१७,००० होतात. वरचे सतरा हजार विम्याबाहेर. बँकेचं कर्ज असेल तर ते आधी वळतं होऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. सहकारी बँकेचे भाग (शेअर) म्हणजे ठेव नव्हे, त्यांना विमा नाही. आणि पतसंस्था ही बँक नव्हे. नावाची पाटी कितीही बँकेसारखी असली तरी तिथल्या ठेवींना हा विमा लागू नाही. आमचे निम्मे ग्राहक इथेच गप्प होतात. बँक असेल तर डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड तिच्या संकेतस्थळावर असतो. दिसला नाही तर काउंटरवर विचारा, संकोच कसला?

निर्बंध आल्यावर काय? पूर्वी लोक वर्षानुवर्षं ताटकळत. ठेव विम्याच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. त्यातले पहिले ४५ दिवस बँकेने ठेवीदारांच्या याद्या पाठवायचे. तुम्ही मात्र संमतीचा अर्ज, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतलं चालतं खातं मुदतीत द्यायला हवं. पेन्शन, विजेचं बिल, एसआयपी सगळं एकाच बँकेतून जात असेल तर ते तीन महिने फार अवघड जातात. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं आजच उघडून ठेवा.

बातमी ऐकून धावत जाऊन मुदतठेव मोडू नका. दंड बहुतेक ठिकाणी बसतो, धोका मात्र नुसता ऐकीव असतो. ठेव मुदत संपून नव्याने करताना नावं बदला. पण आम्हाला विचारून, कारण पैसे नवऱ्याचे आणि पावती बायकोची, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. हे लोकांना जुलैत, रिटर्न भरताना कळतं.

कोणती बँक बुडेल हे आम्ही सांगत नाही, कोणत्याही बँकेचं कमिशनही घेत नाही. आम्ही 'ठेव तक्ता' करून देतो : कुटुंबातल्या सगळ्या पावत्या, बँकवार, नावांच्या क्रमाने, मुदत, वारस आणि विम्याबाहेरची रक्कम लाल शाईत. आकार ५०० रुपये. आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्यांना ३००. फुकट का नाही, असं विचारलं जातं. पिशवीभर पावत्यांना निम्मा दिवस जातो, म्हणून.

येताना मूळ पावत्या, पासबुकं आणि घरातल्या सगळ्यांची पॅन कार्डं आणा. शनिवारी दुपारी दोननंतर येऊ नका, तेव्हा जीएसटीवाल्यांची गर्दी असते.