जैवसक्रिय दंतसिमेंट

दाताचा उघडा पडलेला गर (बोलीत ‘नस’) झाकण्यासाठी, मुळाला पडलेले भोक बुजवण्यासाठी व मुळाचे टोक बंद करण्यासाठी वापरले जाणारे, पाण्याच्या संयोगाने घट्ट होणारे कॅल्शियम सिलिकेटी पदार्थ. चांदीच्या किंवा रेझिनच्या भरणीप्रमाणे ते पोकळी नुसती बुजवत नाहीत. शेजारच्या पेशींना नवे दंतिन (दाताचा गराभोवतालचा कठीण भाग) घालण्यास प्रवृत्त करतात, म्हणून ‘जैवसक्रिय’. यांतील सर्वांत अभ्यासलेला पदार्थ एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट) होय.

रसायन : एमटीएमध्ये सुमारे ७५ टक्के पोर्टलंड सिमेंट (बांधकामात वापरतात तसे), २० टक्के बिस्मथ ऑक्साइड व ५ टक्के जिप्सम असते. तीन भाग भुकटीत एक भाग निर्जंतुक पाणी मिसळले की ओल्या वाळूसारखा, हाताळायला काहीसा अवघड गोळा होतो. तो घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि तोवर ओल टिकावी म्हणून वर ओला कापूस ठेवतात. पोर्टलंड सिमेंटमधील मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट पाणी घेतो तेव्हा सिलिकेटचा जेल तयार होतो आणि सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते. हे दुसरे द्रव्य सोलापूर भागात तंबाखू मळणाऱ्यांच्या खिशातलेच आहे : तंबाखूच्या डबीच्या एका कप्प्यातला, अंगठ्याच्या नखाने उचलायचा चुना. एमटीए म्हणजे जागेवरच, हळूहळू चुना सोडणारा साठा, असे म्हणणे फारसे चुकीचे नाही. मिश्रणाचा सामू (पीएच) सुरुवातीला १०.२ असतो व तीन तासांत १२.५ पर्यंत चढतो. सुटणारे कॅल्शियम ऊतींतील फॉस्फेटशी मिळून पृष्ठभागावर ॲपेटाइटचा (दात-हाडांतील खनिजाचा) थर धरते.

अग्रत्वाचा प्रश्न : गर झाकण्याची कल्पना जुनी आहे, बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये त्यासाठी सोन्याचा पत्रा सुचवला. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे श्रेय सहसा जर्मनीच्या हेर्मान यांना (१९२०) दिले जाते, परंतु निग्रेन यांचा १८३८ चा उल्लेख त्याआधीचा आहे. सिमेंटबाबतचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. एमटीए कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद टोराबिनेजाद व सहकाऱ्यांनी विकसित केले. पहिला निबंध १९९३ चा, अमेरिकेतील औषध नियामकाची मान्यता १९९८ ची. मात्र १८७८ मध्येच विट्टे नावाच्या जर्मन दंतवैद्याने मूळनलिकेत पोर्टलंड सिमेंट भरल्याचे नोंदवले होते. हे ध्यानात आल्यावर काही अभ्यासक विट्टे यांनाच जनक मानू लागले. हे मत सावधपणे घ्यावे लागते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेणाऱ्या इंग्लंडच्या जोसेफ ॲस्पडिन यांच्या १८२४ च्या पेटंटमधील सिमेंट आजच्या अर्थाने पोर्टलंड नव्हते, आणि विट्टे यांच्या काळी उभ्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मालात ट्रायकॅल्शियम सिलिकेटचे प्रमाण बेभरवशाचे असे. शिवाय क्ष-किरणांचा शोध १८९५ चा; आत काय झाले हे विट्टे यांना दिसणे शक्यच नव्हते. एमटीएत बिस्मथ घालतात ते नेमके क्ष-चित्रात भरण दिसावी म्हणून. कल्पना विट्टे यांची व पद्धत टोराबिनेजाद यांची, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. (याच बिस्मथमुळे दात काळवंडतो, ही तक्रार निराळी.)

पुनर्जनन : दंतगरातील मूलपेशी २००० मध्ये वेगळ्या करण्यात आल्या. २००१ मध्ये जपानमधून व २००४ मध्ये अमेरिकेतून, मूळ अर्धवट वाढलेल्या निर्जीव दातांत पुन्हा वाढ सुरू झाल्याचे अहवाल आले. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत नलिका निर्जंतुक करून मुद्दाम रक्तस्राव घडवतात, गुठळी धरू देतात आणि तिच्यावर एमटीएचे झाकण बसवतात. मूळ लांब व जाड होते खरे, पण आत वाढलेली ऊती बहुधा सिमेंटम (मुळावरचे कठीण आवरण) किंवा हाडासारखी असते, अस्सल गरासारखी नव्हे. म्हणून येथे ‘पुनर्जनन’ऐवजी ‘दुरुस्ती’ हा शब्द बरा.

सोलापूर परिसर : शहर बेसाल्टच्या पठारावर आहे, चुनखडी पूर्वेला, कलबुर्गी जिल्ह्यात. घरोघरची शहाबादी फरशी त्याच पट्ट्यातली. होटगी भागात सिमेंटचे कारखाने आहेत, पण पोत्यातले सिमेंट दातात चालत नाही : कण जाड, आर्सेनिकसारख्या अशुद्धींवर नियंत्रण नाही, निर्जंतुकीकरण नाही. डबीतल्या चुन्याचेही तसेच. गरावर नेमका ठेवलेला चुना वरचा पातळ थर जाळून खाली दंतिनाचा पूल घडवतो; तोच मळलेल्या तंबाखूतून खालच्या ओठाआड रोज राहिला, की तिथली कातडी पांढुरकी व सुरकुतलेली होते. मशेरी घासून हिरड्यांलगत झिजलेल्या दातांवर हे सिमेंट वापरत नाहीत. तेथे सहसा ग्लास आयनोमर (दाताला चिकटणारे भरणीचे सिमेंट) भरतात.