मागच्याच महिन्यात रक्त दिलं होतं ना?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा निरोप आला. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या एका मुलीला ओ पॉझिटिव्ह रक्ताची पिशवी हवी होती, आजार सिकलसेल. तासाभरात शेजारच्या काकांनी विचारलं, "हिलाच मागच्या महिन्यात दिलं होतं ना? मग ते गेलं कुठे?" काही जणांना हा प्रश्न बोचला. मला तो फार आवडला, कारण याच्या उत्तरात शरीराची एक विलक्षण गंमत दडलेली आहे.

आधी आजाराचं थोडक्यात. लाल पेशींत ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीच्या आत लांब, ताठ तंतू तयार होतात. सराफ बाजारामागच्या एखाद्या बोळात सळया भरलेला टेम्पो शिरला, तर टेम्पो वळेल, सळया कशा वळणार? मागे रांग लागते. केशवाहिन्यांत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत, तसंच होतं. हाडात अडलं की पोरं रात्ररात्र कळवळतात. याला बाहेरची बाधा समजून लेकराला डाग देणारे आजही भेटतात. त्या भाजण्याने सहाव्या जागेवरचं व्हॅलिन हलत नाही, दुखण्यावर दुखणं मात्र वाढतं.

आता काकांचा प्रश्न. साधी पंडुरोगाची बाई असेल तर रक्त चढवणं म्हणजे रिकामा हंडा भरणं. इथे हंडा भरायचा नसतो, त्यातलं पाणी बदलायचं असतं. समजा मुलीचं हिमोग्लोबिन 7 आहे आणि ते जवळजवळ सगळं सिकलचं. पक्षाघाताचा धोका असलेल्या मुलांमध्ये सिकल हिमोग्लोबिनचा वाटा 30 टक्क्यांच्या खाली ठेवायचा, असं डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं. नुसतं वरून ओतून ते साधायचं, तर एकूण हिमोग्लोबिन किती लागेल? 7 भागिले 0.3, म्हणजे 23 च्या वर. एवढं दाट रक्त काकवीसारखं सरकेल आणि ज्या गुठळ्या टाळायच्या, त्याच होतील. म्हणून डॉक्टर 10-11 च्या आसपास थांबतात. "अजून एक पिशवी लावा ना" असा घरच्यांचा आग्रह असतो, पण तिथे थांबण्यातच शहाणपण आहे. 7 वरून 10 वर नेलं, तरी सिकलचा वाटा 70 टक्के उरतोच.

मग 30 वर येतो कसा? इथे दोन घड्याळं कामाला येतात. निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलची जेमतेम 10 ते 20 दिवस. तीन-चार आठवड्यांनी पाहिलं तर दात्याच्या बहुतेक पेशी टिकून असतात आणि मुलीच्या त्या वेळच्या जुन्या पेशी जवळपास संपलेल्या असतात. पण अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला लाल पेशींचा कारखाना, नव्या सिकल पेशी ओततच असेल ना? पूर्वीइतक्या नाही, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतो तो भाग हाच. मूत्रपिंड रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेत असतं. तो कमी पडला की ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि मज्जेला पेशी बनवायला लावतं. दात्याच्या रक्ताने ऑक्सिजन पुरेसा पोचू लागला की हा हुकूम मंदावतो आणि मज्जा शांत होते. म्हणजे पिशवी नुसत्या चांगल्या पेशी आणत नाही, ती सदोष पेशींचा कारखानाही थोपवून धरते. दात्याच्या पेशी ओसरल्या की हुकूम पुन्हा सुटतो. त्याच्या आत पुढची पिशवी लागली, तर प्रत्येक फेरीला सिकलचा वाटा आणखी उतरतो. वेळ चुकली की चढण पुन्हा पहिल्यापासून. (घाई असेल तेव्हा आधीचं रक्त काढून घेत नवं देतात, ती रक्ताची अदलाबदल.)

सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला हे लागत नाही. मेंदूच्या धमन्या अरुंद झाल्या की अरुंद पात्रात नदी धावावी तसा रक्ताचा वेग वाढतो, आणि तो डोक्यावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवून मोजता येतो. सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेग असलेल्या 130 मुलांचा अमेरिकेतला अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित रक्त मिळालेल्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 92 टक्क्यांनी कमी निघाला आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. पुढच्या अभ्यासात, अडीचएक वर्षांनी रक्त बंद करून पाहिलं, तर धोका परत आला.

याची किंमत आहे लोह. एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, दिवसाला एखाद-दोन मिलिग्रॅम झडतं तेवढंच. वर्षाला बारा पिशव्या म्हणजे अडीच-तीन ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅमच असतं. ते यकृतात, हृदयात साचतं, म्हणून लोह काढणारं औषध रोज घ्यावं लागतं. अशा मुलीला "रक्त वाढेल" म्हणून कुणी लोहाचं टॉनिक आणून देतं, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. बीट खाऊ द्या, पण बीटाने सिकलसेल बरा होतो असे व्हिडिओ पुढे ढकलू नका.

दुसरी अडचण जुळण्याची. ए, बी, ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढं पुरत नाही. लाल पेशींवर सी, ई, केल अशा इतरही खुणा (प्रतिजनं) असतात. त्यांत फरक असला की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार करतं आणि पुढची पिशवी मिळणं अवघड होत जातं. एकाच समाजातल्या माणसांचे हे सूक्ष्म गट जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून पेठ, कळवण, सुरगाणा या तालुक्यांतल्या तरुणांचं रक्त तिथल्या मुलांसाठी मोलाचं. अट एकच, दाता सिकलचा वाहक नसावा. वाहकाकडे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला असतो आणि तो स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं. म्हणाले, "मग या वेळी मीच देतो." पण त्यांनी जूनमध्ये दिलं होतं आणि पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर लागतं. वर्षाला बारा पिशव्या आणि एक जण फार तर चार वेळा देणार, म्हणजे एका मुलीमागे किमान तीन दाते. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, तेव्हा रक्तपेढीचा फ्रीज रिकामा होतो. काकांनी कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानावर खूण केली आहे.