शेड स्मूथ की सबडिव्हिजन? गुळगुळीत दिसणं आणि गुळगुळीत असणं

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा कप बनवायला बसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. सिलिंडर घेतला, वरचा फेस (म्हणजे सपाट तुकडा) काढला, जाडी दिली, कान जोडला. सगळं जमलं, पण कपाच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्या काही जात नाहीत. विचारलं की दोन उत्तरं मिळतात. कोणी सांगतं, राइट क्लिक करून शेड स्मूथ दे. कोणी सांगतं, सबडिव्हिजन सरफेस मॉडिफायर (मूळ मॉडेल न मोडता त्यावर परिणाम चढवणारी सोय) लाव. दोन्हींनी पट्ट्या जातात, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात आणि जे आधी सापडेल ते वापरायची सवय लागते. पुढे काठ गोल का दिसत नाही, तळ का वितळला, फाइल एवढी जड कशी झाली, असे प्रश्न पडतात. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ या गोंधळात असतं.

आधी शेड स्मूथ. मॉडेलमधल्या प्रत्येक फेसला तोंड कुठे आहे हे सांगणारी एक दिशा असते, तिला नॉर्मल म्हणतात. त्या फेसवर उजेड किती पडला हे सॉफ्टवेअर या नॉर्मलवरून ठरवतं. शेड फ्लॅटमध्ये एका फेसभर एकच नॉर्मल, म्हणून एकच छटा, आणि शेजारच्या फेसवर लगेच दुसरी. त्याच आपल्या पट्ट्या. शेड स्मूथ दिलं की प्रत्येक व्हर्टेक्सपाशी (फेसच्या कोपऱ्यातल्या बिंदूपाशी) भोवतालच्या फेसच्या नॉर्मलची सरासरी काढली जाते आणि एका व्हर्टेक्सकडून दुसऱ्याकडे ती दिशा हळूहळू बदलत नेली जाते. छटा एकमेकींत मिसळतात आणि डोळ्याला वक्र पृष्ठभाग दिसतो. मात्र मेशमधला (बिंदू आणि फेसच्या जाळ्यातला) एकही बिंदू जागचा हललेला नसतो.

ही कल्पना जुनी आहे. युटा विद्यापीठात आंरी गुरो यांनी 1971 मध्ये फेसवर रंगछटा मिसळत नेण्याची पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून त्याचं बहुभुजांचं मॉडेल केलं होतं. पुढे त्याच विद्यापीठातले बुई तुओंग फाँग यांनी रंगाऐवजी नॉर्मलच मिसळत नेली; त्यांचा लेख 1975 चा. आज आपण वापरतो ते शेड स्मूथ या दुसऱ्या वाटेचं आहे.

खरी परीक्षा काठावर होते. ब्लेंडरचा सिलिंडर मुळात 32 बाजूंचा असतो. शेड स्मूथ देऊन कपाच्या तोंडाशी झूम करा. अंग मऊ दिसेल, पण तोंडाची कड छोट्या सरळ तुकड्यांची बनलेली दिसेल. टेबलावर सावली पाडली तर तिची कडही तशीच. उजेडाचा हिशेब बदलला, बाह्यरेषा होती तशीच राहिली. मॉडेल गोल झालं का हे तपासायचं असेल तेव्हा अंगाकडे बघू नका, बाह्यरेषेकडे बघा.

दुसरी अडचण तळाच्या कडेला येते. तिथे उभा फेस आणि आडवा फेस 90 अंशांत भेटतात. त्यांचीही सरासरी काढली जाते, नॉर्मल तिरकी होते आणि कडेजवळ काळपट डाग उमटतात. अशा वेळी पुष्कळजण लाइट हलवत बसतात. लाइटचा त्यात काही दोष नसतो. ठरावीक कोनापेक्षा तीव्र कडा धारदार ठेवायला सांगणं हा उपाय. 4.1 आवृत्तीपासून ऑटो स्मूथचा जुना चेकबॉक्स गेला, आता हे काम स्मूथ बाय अँगल हा मॉडिफायर करतो. त्यातला कोन मुळात 30 अंश असतो. 32 बाजूंच्या सिलिंडरमध्ये लगतच्या दोन फेसमधला कोन 11.25 अंश, म्हणून अंग मऊ होतं आणि 90 अंशांची तळाची कड धारदार राहते. तोच सिलिंडर 8 बाजूंचा घेतला तर कोन 45 अंशांचा, आणि गेलेल्या पट्ट्या परत हजर!

आता सबडिव्हिजन सरफेस. इथे आकार खरोखर बदलतो. एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी 1978 मध्ये मांडलेली ही रीत प्रत्येक चौकोनी फेसचे चार करते आणि नव्या-जुन्या सगळ्या बिंदूंच्या जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने पुन्हा ठरवते. ही विभागणी किती वेळा करायची तो आकडा म्हणजे लेव्हल. क्यूबचे 6 फेस पहिल्या लेव्हलला 24 होतात, दुसऱ्या लेव्हलला 96, आणि क्यूब चेंडूकडे झुकत जातो (अगदी बिनचूक गोल मात्र तो होत नाही). बाह्यरेषा सुधारते, सावलीही सुधारते.

याची किंमत अशी की सरासरी सगळं आत ओढते. कपाच्या तळाची कड गोल होते आणि सरळ उभा कप वाटीसारखा दिसू लागतो. त्याला धरून ठेवायला कडेजवळ जास्तीच्या रेषा द्याव्या लागतात. एडिट मोडमध्ये कंट्रोल आणि आर दाबून लूप कट (वस्तूभोवती फिरणारी नवी रेषा) घ्या आणि तो तळाकडे सरकवा; कडेच्या जितका जवळ न्याल तितकी कड ताठ होते. शिफ्ट आणि ई दाबून क्रीज (कड किती ताठ ठेवायची याची खूण) देता येते, तिने एकही फेस न वाढवता कड धरली जाते. माझं मत विचाराल तर रोजच्या वस्तूंसाठी लूप कट बरा. खरा कप उजेडात धरून बघा. त्याची कड कधीच सुरीसारखी नसते. तिथे जराशी गोलाई असते आणि तीवरून चकाकीची एक बारीक रेघ धावते. पूर्ण क्रीज दिलेल्या कडेवर ती रेघ मिळत नाही, आणि मॉडेल खोटं वाटण्याचं एक मोठं कारण हेच असतं.

आत ओढण्याचा आणखी एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही, आणि तो मापाच्या कामात नडतो. 8 बाजूंच्या सिलिंडरला सबडिव्हिजन दिलं की त्याची त्रिज्या सुमारे 10 टक्क्यांनी घटते. 32 बाजू असतील तर घट 1 टक्क्याच्या आत राहते. बरणी 32 बाजूंची आणि झाकण 8 बाजूंचं घेतलं असेल, तर आकडे जुळूनही झाकण बसणार नाही. दोन्हींच्या बाजू सारख्या ठेवा, किंवा माप सबडिव्हिजननंतर तपासा.

एडिट मोडमधली नुसती सबडिव्हाइड ही आज्ञा वेगळी. ती फेस तोडते, पण आकार गोल करत नाही.

मग निवडायचं काय? बहुतेक वेळा दोन्ही, आणि हे समजलं की काम फार हलकं होतं. सबडिव्हिजन लावून शेड स्मूथ द्यायचं राहिलं तर बारीक पट्ट्या उरतात, आणि त्या घालवायला लेव्हल वाढवत नेली जाते. तळ आणि झाकणासह सिलिंडरचे 34 फेस पहिल्या लेव्हलला 192 होतात, दुसऱ्या लेव्हलला 768 आणि सहाव्या लेव्हलला 1,96,608. लेव्हल 2 ठेवून शेड स्मूथ दिलं तर चित्रात तेवढाच गुळगुळीत सिलिंडर 768 फेसमध्ये मिळतो. बाह्यरेषेपुरतं सबडिव्हिजन घ्यावं आणि उरलेलं काम शेड स्मूथवर सोपवावं.

मॉडेल कुठे जाणार यावरही पारडं झुकतं. गेममध्ये फेस जपून वापरायचे असतात, म्हणून तिथे शेड स्मूथ आणि नॉर्मल मॅप (नॉर्मलच्या दिशा साठवून बारीक उठावाचा भास देणारं चित्र) यांच्यावरच भर. थ्रीडी प्रिंटचं नेमकं उलट. प्रिंटसाठी वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये सपाट त्रिकोण तेवढे जातात, शेड स्मूथची माहिती जात नाही, आणि स्क्रीनवर मऊ दिसणारा कप हातात येतो तो पट्ट्यांसकट. प्रिंटला पाठवण्याआधी एकदा शेड फ्लॅट करून चारी बाजूंनी फिरवून पाहा. तेव्हा ज्या पट्ट्या दिसतील त्या प्रिंटवरही उमटू शकतात. तेवढ्या नको असतील तर लेव्हल एकाने वाढवा आणि मगच एक्स्पोर्ट करा.